गोड्या पाण्यांतील माशांची मागणी आणि आपलें शेततळें

संघाच्या मागील बैठकींत एका सभासदबंधूंनीं प्रश्न विचारिला, "शेततळ्यांत मासे सोडले तर ते खपतील काय?" प्रश्न साधा होता, पण त्याचें सरळ उत्तर कोणासही देतां आलें नाहीं. एक पक्ष म्हणाला, देशांत माशांचा खप दिवसेंदिवस वाढत आहे, तेव्हां आपलेही खपतील, त्यांत विचारावयाचें काय? दुसरा पक्ष म्हणाला, मनमाडासारख्या ठिकाणीं, जेथें कित्येक उन्हाळे नळास पंधरा-पंधरा दिवसांनीं पाणी आलेलें आहे, तेथें पाणी आधीं माणसांनीं प्यावें कीं माशांनीं? हंशा पिकला आणि बैठक चहावर गेली. प्रश्न मात्र तसाच राहिला. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला असल्यामुळें आंकड्यांचीं बाडें चाळण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाहीं, हें चिटणीसांस ठाऊक. त्यांनीं हा विषय आमच्याकडे सोंपविला. मत्स्यशास्त्र आम्हांस येत नाहीं, शिक्षणही मराठी शाळेपुरतें. परंतु बाजार व पाणी यांचा हिशेब मांडावयास तेवढें पुरेल, असें समजून लिहितों.

प्रथम देशाकडे पाहूं. १९५०-५१ सालीं हिंदुस्थानांत एकंदर साडेसात लाख टन मासे निघाले. त्यांपैकीं सवापांच लाख टनांहून अधिक समुद्राचे, आणि नद्या, तलाव, तळीं मिळून जमिनीवरच्या पाण्याचे फक्त २ लाख १८ हजार टन. म्हणजे दहा भागांपैकीं सात समुद्राचे व तीन इतर, असें प्रमाण होतें. २०००-०१ सालीं हीं दोन्ही पारडीं समान झालीं. दोहोंकडे अठ्ठावीस-अठ्ठावीस लाख टनांचा आंकडा आहे. त्यापुढें समुद्राचा आंकडा सावकाश सरकत पंचेचाळीस लाखांपर्यंत आला; जमिनीवरच्या पाण्यानें मात्र मोठी चढण धरिली. २०१३-१४ सालीं ६१ लाख टन, २०२२-२३ सालीं १३१ लाख टन, आणि २०२३-२४ सालीं १३९ लाख टन. त्या शेवटच्या वर्षीं देशाचें एकंदर उत्पादन १८४ लाख टन होतें. पूर्वींचें प्रमाण अशा रीतीनें उलटलें असून आतां चारांतील तीन हिस्से जमिनीवरच्या पाण्याचे आहेत.

हे आंकडे वाचतांना थोडें सावध राहिलें पाहिजे. या तीन हिश्श्यांत किनाऱ्यालगतच्या मचूळ तळ्यांतील कोळंबीही धरलेली असते, आणि ती बव्हंशीं परदेशीं जाते. शिवाय समुद्राची मासळी निदान बंदराच्या धक्क्यावर तरी उतरते. लाखों तळ्यांतून निघणारी मासळी मोजणार कोण? तिची बेरीज बरीचशी अंदाजानेंच होते. आणेवारीचे आंकडे जन्मास येतांना आम्हीं जवळून पाहिले आहेत. उभ्या बाजरीचे पैसे कसे ठरतात व ते ठरवितांना पिकाखेरीज काय काय पाहिलें जातें, हें लिहूं लागलों तर वेगळाच लेख होईल. तेव्हां शेवटच्या हजारांवर आम्ही भिस्त ठेवीत नाहीं. दिशेबद्दल मात्र शंका घेण्यास जागा नाहीं. सत्तर वर्षांत मासा हा धरावयाचा जिन्नस न राहतां पिकवावयाचा जिन्नस झाला.

उत्पादन वाढलें एवढ्यावरून मागणी वाढली असें म्हणतां येत नाहीं. खाणारा कोण, हें पाहिलें पाहिजे. २००५-०६ सालीं देशांतील शंभर माणसांपैकीं ६६ माणसें मासे खाणारीं होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत तीं ७२ झालीं. सर्व लोकसंख्येवर सरासरी काढली तर माणशीं वर्षाचा खप २००५ सालीं सुमारें ४.९ किलो होता, तो २०२१ सालीं ८.९ किलोवर गेला. केवळ खाणारांपुरती सरासरी काढली तर ती सवाबारा किलोच्या वर जाते. पण यांतील आम्हांस सर्वांत बोलका वाटलेला आंकडा वेगळाच आहे. शंभरांत रोज मासे खाणारे अवघे सहा. आठवड्यांतून एकदां तरी खाणारे पस्तीस. आणि केव्हांतरी खाणारे एकतीस. त्रिपुरांत जवळजवळ सर्वच खाणारे आणि हरियाणांत पांचांतला एक, असा प्रांताप्रांतांत फरक आहेच. तथापि हा जो 'केव्हांतरी' खाणारांचा एकतीसांचा थवा आहे, तोच पुढील मागणीचें मूळ होय. तो घरांत मासे आणण्यास प्रतिकूल नाहीं. जवळ ताजे मिळाले, साफ करून मिळाले, आणि कोंबडीहून महाग नसले, तर तो 'केव्हांतरी'चा 'आठवड्यांतून एकदां' होतो. खप वाढणें म्हणजे बहुधा हेंच.

हा फरक कारकुनी रीतीनें मांडून पाहा. देशाची वस्ती एकशेंचाळीस कोटींच्या वर. प्रत्येकानें वर्षांत एक किलो मासा अधिक खाल्ला तर चौदा लाख टन अधिक लागतात. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत माणशीं बारा किलोचें उद्दिष्ट लिहिलेलें आहे. पावणेनऊ-नवांवरून बारांवर जावयाचें तर बेचाळीस लाख टनांहून अधिक मासा नवीन पाहिजे. जगाची सरासरी वीस किलोच्या वर आहे. आपला शाकाहारी वर्ग मोठा असल्यामुळें आपण तेथवर लवकर जाऊं असें आम्हांस वाटत नाहीं; पण समुद्रांतून हा वाढावा निघण्यासारखा नाहीं, हें उघड आहे. जो कांहीं निघावयाचा तो तळ्यांतूनच निघेल. येथवर पहिल्या पक्षाचें म्हणणें खरें ठरतें.

आतां ही मागणी आजवर पुरविली कोणी, तें पाहूं. कारण आपल्या बाजारांतील भाव तोच ठरवितो. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यांतील मासे. ते पुराच्या वाहत्या पाण्यांत अंडीं घालितात, कोंडलेल्या तळ्यांत घालीत नाहींत. म्हणून पूर्वीं बीज नदींतून गाळून आणावें लागे, आणि त्यांत कोणत्या जातीचें किती, हें देव जाणे. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनीं माशाच्या मस्तकांतील पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून कोंडलेल्या माशांकडून अंडीं घालविलीं. तो दिवस आतां मत्स्य-शेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि आमच्या मतें तो योग्यच पाळतात. कारण बीज हातीं आल्यावांचून कोणत्याही जिनसाची शेती होत नाहीं. पुढें भुवनेश्वरच्या संशोधन संस्थेनें निवडीनें सुधारलेला रोहू १९९७ सालीं निघाला. स्वातंत्र्याच्या पन्नाशीवरून त्याचें नांव 'जयंती' ठेविलें.

या बीजाचा खरा लाभ आंध्रानें घेतला. कोल्लेरू सरोवराभोंवतीं व भीमावरमच्या बाजूस भातखाचरें मोडून लोकांनीं तळीं बांधिलीं. कालव्याचें पाणी बारमाही, हवा उष्ण, ढेप व कोंडा घरचा. तेथून रोहू-कटला बर्फांत भरून ट्रकांनीं थेट हावड्यापर्यंत जातो, आणि आपल्याकडेही येतो. गोदावरीचा उगम आमच्या जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं. तिच्या मुखाशीं, तिच्याच पाण्यावर वाढलेला रोहू बर्फाच्या पेटींतून परत नाशिक जिल्ह्यांत विकावयास येतो. गंगेनें माहेरीं पाठविलेलें हें वाण म्हणावें, तर त्याचे पैसे मोजून घेतात! सांगावयाचा मुद्दा एवढाच कीं, मनमाडच्या बाजारांत रोहूचा भाव म्हणजे आंध्रांतील भाव अधिक बर्फ, पेटी व वाहतूक. देशाची मागणी दुपटीनें वाढली तरी तो भाव आपल्या शेततळ्यावर ठरणार नाहीं. आपल्या हातांत एकच गोष्ट आहे. त्याचा मासा मरून निदान दीड-दोन दिवस झालेले असतात. आपला जिवंत देतां येतो.

आपल्या राज्याची स्थिति वेगळी आहे. सातशें वीस किलोमीटरचा किनारा असल्यामुळें महाराष्ट्रांत मासे म्हणजे समुद्राचे, ही समजूत पक्की आहे. गोड्या पाण्याचे उत्पादन अलीकडील वर्षांत सव्वा ते दीड लाख टनांच्या घरांत, म्हणजे देशाच्या एक टक्क्याच्या आसपास. राज्याच्या वस्तीवर तें वांटलें तर माणशीं सव्वा किलो भरणार नाहीं. घाटमाथ्यावरच्या खेड्यांत तर मासा म्हणजे सुकट व सुके बोंबील. ओला मासा धरणाच्या कांठच्या गांवांत. गिरणा धरण आपल्याच नांदगांव तालुक्यांत आहे, आणि तेथील भोई बांधव पिढीजात मासेमारी करितात. पण धरण दरवर्षीं भरतेंच असें नाहीं, आणि न भरलेल्या वर्षीं त्यांचें काय होतें तें त्यांस विचारावें.

मनमाड हें मात्र निव्वळ खेडेंही नव्हे व निव्वळ शहरही नव्हे. रेल्वेचें जंक्शन, रेल्वेचा कारखाना, धान्याचीं सरकारी कोठारें, तेलाचे डेपो. यांमुळें नाना प्रांतांचे लोक येथें वसलेले आहेत. आम्हीं चार-सहा सकाळीं मासळी विकणाऱ्या बायांच्या शेजारीं उभे राहून गिऱ्हाईक पाहिलें. (घरच्या मंडळींनीं यावर जें म्हटलें तें येथें लिहीत नाहीं.) पूर्वेकडील व उत्तरेकडील माणूस नांवानें मासा मागतो, कल्ला उचलून पाहतो, आणि किलोच्या आंतल्या कटल्यास हात लावीत नाहीं. आपला मराठा-मुसलमान गिऱ्हाईक काट्यास भितो. मोठ्या माशाचे काटे दिसतात म्हणून तोही मोठाच मागतो. अर्ध्या किलोच्या आंतील मासा निम्म्या भावांत घ्यावा, अशी दोघांची समजूत. एके दिवशीं एकानें पिंपांत पाणी घालून जिवंत मासे आणिले होते. ते सर्वांच्या आधीं संपले, आणि त्यानें घासाघीस करून घेतली नाहीं.

माशाचा खरा प्रतिस्पर्धी समुद्राचा मासा नसून कोंबडी आहे. आपला जिल्हा कुक्कुटपालनाचा; हाडें मोठीं, कापून मिळते, मुलांच्या घशांत अडकत नाहीं. यासाठीं रस्त्यावरच्या ढाब्यांनीं पंगस हा मासा धरिला आहे. हा मूळचा मेकाँग नदीचा, काटे थोडे, वाढ झपाट्याची. ज्यांस तो आपल्या तळ्यांत सोडावासा वाटतो त्यांस आम्ही थंडीची आठवण देतों. निफाडास पारा पांच अंशांच्या जवळ उतरल्याच्या बातम्या आपण वाचतों. उथळ शेततळ्याचें पाणी तेव्हां इतकें गार होतें कीं पंगस खाणें टाकितो व रोगी होतो. रोहू-कटलाही थंडींत वाढत नाहीं, पण टिकून राहतो. चिलापी टिकते, परंतु तळ्यांतच पिलांवर पिलें घालून सर्व मासा बोटभर ठेविते. उजनीच्या पाण्यावर भिगवणच्या बाजारांत चिलापीचा मोठा व्यापार चालतो. तें धरण आहे, तळें नव्हे. थाई मांगूर कोणी स्वस्तांत देऊं केला तरी घेऊं नये. त्याच्या पालनास देशांत बंदी आहे.

आतां या विषयांतील मुख्य गांठीकडे येतों. मागणी वर्षभर सारखी नसते. सोमवार, गुरुवार, शनिवार बाजार सुना. बुधवार, शुक्रवार, रविवार भरलेला. हें झालें आठवड्याचें. वर्षाचें पाहिलें तर आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बर्फांतला पापलेट-बांगडा नाहींसा होतो, आणि नेमका त्याच सुमारास आषाढ येतो. पुढें श्रावण लागावयाचा म्हणून आषाढांत जो तो आपली हौस पुरवून घेतो. अमावास्येच्या आदल्या रविवारीं गोड्या पाण्याच्या माशास वर्षांतला सर्वांत चांगला भाव असतो. श्रावण लागला कीं दुसऱ्या दिवसापासून बाजार झोंपतो.

म्हणजे मागणी सर्वांत अधिक ज्येष्ठ-आषाढांत. आणि शेततळ्यांत पाणी सर्वांत कमी तेंही ज्येष्ठांतच! आंध्राच्या तळ्यास कालवा आहे, आपल्या तळ्यास आकाश. तीस मीटर लांब, तीस रुंद व तीन खोल अशा अस्तरीकरण केलेल्या तळ्यांत सुमारें बावीस लाख लिटर पाणी मावतें. चैत्र-वैशाखांत आपल्याकडे दिवसाकाठीं आठ मिलिमीटर पाणी उन्हानें उडतें असें धरा. नऊशें चौरस मीटरांवर तें ७,२०० लिटर होतें. दोनशें लिटरचीं ३६ पिंपें, रोज, कोणी न वापरतां. पाणी खालीं जाईल तसा पृष्ठभाग आंकुंचित होतो हें खरें, तरी फाल्गुन ते ज्येष्ठ मिळून पांच-सहा लाख लिटर केवळ वाऱ्यावर जातें. उरलेल्यांतून डाळिंब जगवावयाचें, उन्हाळ कांद्याचें शेवटचें पाणी द्यावयाचें, गुरांस पाजावयाचें. शेततळें माशांसाठीं खणलेलें नाहीं, हें विसरून जो मासे सोडतो त्याचें काय होतें, तें आम्हीं घरांतच पाहिलें.

आमच्या भाच्याचें शेत मनमाडच्या दक्षिणेस अंकाईच्या वाटेवर आहे. कांदा आणि थोडें डाळिंब. ऑगस्ट २०२२ मध्यें त्यानें वर सांगितलेल्या मापाच्या तळ्यांत दीड हजार बोटुकली सोडली. इतकें बीज दाट होतें, पण आम्हींच त्यास "देशांत मागणी वाढती आहे, भीति कसली?" असें सांगून भर दिली होती, तेव्हां दोष आमच्याकडेही येतो. फाल्गुनांत मासा पाव ते दीडपाव किलोचा झाला. एक व्यापारी येऊन पाहून गेला. म्हणाला, आतां काढूं नका, आषाढांत मी सर्व एका दिवशीं उचलीन, भाव दीडपट देईन. भाच्यानें विश्वास ठेविला. त्या वर्षीं, २०२३ सालीं, पावसानें ओढ दिली. जून सरत आला तरी आभाळ नुसतें दाटून येई. ठिबकाला पाणी चालू होतें, तळें कमरेइतकें राहिलें, पाणी हिरवेंगार झालें. जुलैच्या पहिल्या आठवड्यांत एका कोंदट पहाटे सारे मासे तोंडें वर काढून पाणी पिऊं लागल्यासारखे दिसूं लागले. उजाडेपर्यंत निम्म्याहून अधिक उलटे झाले. व्यापाऱ्यानें फोन उचलला नाहीं. दुसऱ्या एकानें उरलेले अर्ध्या भावांत नेले, आणि मेलेले आम्हीं बांधालगत खड्डा करून पुरले. त्यांतच १८ जुलैपासून अधिक श्रावण लागला. त्यामागून निज श्रावण. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोणी मासळीचें नांव काढीना. भाची-सून त्या दिवशीं आमच्याशीं बोलली नाहीं. तिनें त्या माशांस सहा महिने रोज ढेप घातली होती.

असें कां झालें, हें पुढें जाणत्यांस विचारून समजलें. पाण्यांतील हिरवें शेवाळ दिवसा प्राणवायु सोडतें, पण रात्रीं तेंच तो घेऊं लागतें. ढगाळ दिवशीं सोडणें कमी, रात्रीचें घेणें तितकेंच; ऊन पाण्यांत प्राणवायु आधींच थोडा मावतो; त्यांत पाणी उथळ व मासे दाट. मग पहाटे तीन ते सहा ही वेळ माशांच्या मरणाची. अशा दिवसांत खाद्य बंद ठेवावें, आणि मध्यरात्रीनंतर पंप चालवून तळ्याचेंच पाणी उंचावरून तळ्यांतच फवाऱ्यासारखें पाडावें. वीज रात्रीं असेल तर हें साधतें. नसेल तर तळ्यांत मासे थोडे असणें हाच उपाय.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, सर्व मासा आषाढासाठीं राखूं नये, आणि सर्व एकदम काढूंही नये. एवढ्या तळ्यास पांचशें बोटुकली पुरे. तीही तीन-चार इंची, जिऱ्यासारखें बारीक बीज नव्हे. दोनशें कटला, दीडशें रोहू, दीडशें मृगळ. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशीं. एकमेकांचे वाटेकरी होत नाहींत. अस्तराच्या तळ्यास माती नसल्यामुळें आपोआप खाद्य तयार होत नाहीं. शेणखताचें पोतें दोरीनें कोपऱ्यांत टांगून ठेवावें, पाणी फार हिरवें झालें कीं काढून घ्यावें. शेंगदाण्याची ढेप व भाताचा कोंडा समभाग भिजवून रोज एका ठराविक जागीं द्यावा. थंडींत मासा खात नाहीं तेव्हां देऊं नये. कुजलेली ढेप पुढें प्राणवायु खाते.

शंभरांत सत्तर जगले तर साडेतीनशें मासे हातीं येतील. त्यांतले सव्वाशें फाल्गुनांत काढावे, सव्वाशें चैत्रांत. हे अर्ध्या किलोच्या आसपासचे असतील, भाव मध्यम येईल. पण पाणी भरपूर असतां काढलेले असल्यामुळें जिवंत विकतां येतील. राहिलेल्या शंभरांस जागा मोकळी मिळते व ते भरभर वाढतात. वैशाखांत पाणी छातीइतकें राहिलें कीं ठिबकाचें पाणी तेथेंच थांबवावें, हा करार मनाशीं आधींच केलेला असावा. डाळिंबास तें परवडत नसेल तर शंभर मासेही चैत्रअखेर काढून मोकळें व्हावें. परवडत असेल तर आषाढांत किलोच्या घरांतील शंभर मासे ज्याच्या तळ्यांत आहेत, त्यास गिऱ्हाईक शोधीत येतें.

हिशेब नमुन्यादाखल मांडतों. भाव ज्यानें त्यानें आपल्या ठिकाणचे घालावे. अडीचशें मासे अर्ध्या किलोचे म्हणजे सव्वाशें किलो, शंभर रुपये धरले तर साडेबारा हजार. शंभर मासे पाऊण ते एक किलोचे, सरासरीनें पंचाऐंशी किलो, दीडशें रुपयांनीं पावणेतेरा हजार. एकंदर सवापंचवीस हजार. बीज दीड हजार, खाद्य नऊ हजार, जाळ्याची मजुरी दोन-अडीच हजार. हातीं बारा हजारांच्या आसपास राहतात. यांत तळें खणण्याचा व अस्तराचा खर्च धरलेला नाहीं, आणि तो धरूंही नये. कारण तळें पिकासाठीं आहे व असावें. ज्यांस कोणी 'एका तळ्यांतून लाखों' असें सांगितलें असेल त्यांनीं सांगणाराचें तळें, त्यांतही ज्येष्ठांतलें, पाहून यावें.

जाळें ओढण्याचें काम घरचें नव्हे. जाळ्याच्या कडेच्या वजनांनीं व माणसांच्या पायांनीं अस्तर फाटतें, आणि एका भोकानें सबंध वर्षाचें पाणी जातें. शिवाय उतारावरून घसरलेला माणूस अस्तरावर वर चढूं शकत नाहीं. गांठी मारलेली जाड दोरी चारी बाजूंस कायमची सोडलेली असावी, हें मासे असोत वा नसोत. भोई बांधवांस बोलवावें. त्यांचा हात हलका असतो, मासा जिवंत कसा न्यावा हें त्यांस ठाऊक असतें, आणि बाजारांतली त्यांची जागा ठरलेली असते. आम्हीं असेंही पाहिलें कीं, व्यापाऱ्यास घाऊक देण्यापेक्षां बांधावरच बुधवारीं व रविवारीं सकाळीं दहा-दहा, पंधरा-पंधरा किलो विकणें अधिक फायद्याचें पडतें.

एप्रिल २०२५ मध्यें राज्य सरकारनें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांत मासे पाळणारास शेतकऱ्याच्या बरोबरीनें धरावें असा त्याचा आशय. किसान क्रेडिट कार्ड तर त्यापूर्वींच मासेवाल्यांस मिळूं लागलें होतें. आम्हीं पीकपाहणीच्या नोंदी तपासण्यांत वर्षें घालविलीं. बाजरी, मका, कांदा, भुईमूग हजारों वेळां वाचला, पण मासा हें पीक वाचल्याचें आठवत नाहीं. मासा दप्तरांत यावयाचा तो तलावाच्या ठेक्याच्या कागदांत. निर्णय कागदावरून बांधावर येण्यास किती काळ जातो हें आमच्याइतकें कोणास ठाऊक असणार? तरी ज्यांच्या तळ्यांत मासे आहेत त्यांनीं खर्चाचीं व विक्रीचीं टिपणें तारीखवार ठेवावीं. मागणाऱ्याजवळ कागद नसला तर देणाराही हात आंखडतो.

भाच्यानें २०२३ सालीं पुन्हां बीज सोडलें नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें, पाऊस चांगला झाल्यावर, बायकोची समजूत घालून पांचशें सोडले. फाल्गुनांत व चैत्रांत दोन उपसे केले, वैशाखांत ठिबक थांबविण्याची वेळ येण्यापूर्वींच २०२५ च्या मे महिन्यांत अवकाळी पाऊस कोसळला आणि तळें वर आलें. ही आमच्या युक्तीची परीक्षा म्हणतां येत नाहीं. दैव अनुकूल होतें इतकेंच. त्या वर्षीं आषाढी अमावास्या गुरुवारीं आली, म्हणून लोकांनीं बुधवारींच उरकून घेतलें. मंगळवारीं सायंकाळीं पिंपें भरून ठेवलीं होतीं तीं दुसऱ्या दिवशीं दुपारच्या आंत रिकामीं झालीं. त्यानंतर त्यानें पुन्हां पांचशें बीज घातलें, पण २०२६ चें पंचांग पाहून बेत बदलला. त्या सालीं ज्येष्ठ अधिक असल्यामुळें आषाढी अमावास्या १२ ऑगस्टला जाते, आणि समुद्राची बंदी ३१ जुलैलाच उठते. म्हणजे ऐन आषाढांत बोटींची मासळी बाजारांत. यासाठीं शेवटचा उपसा आषाढाऐवजीं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यांत करावयाचा असें ठरविलें, आणि तशी खूण भाची-सुनेनें स्वयंपाकघरांतील कालनिर्णयावर स्वतःच्या हातानें करून ठेविली.